एक रुपयाची हजेरी



जिल्हा बैठकीच्या पत्रकात कापसाच्या भावाचे सोडून शाळेचे काय लिहिता, असे काही जण विचारतील. विचारू द्या. वेचणीच्या दिवसांत आपापल्या गावच्या शाळेत एकदा डोकावून या, मग बोलू. पटावर चाळीस, बसलेली बावीस. बाकीची कुठे आहेत? कोणी आईबरोबर ओटी बांधून कपाशीत, कोणी घरी धाकट्याला सांभाळायला, कोणी मायबापाबरोबर ऊसतोडीला. त्यात मुली जास्त. मास्तर गैरहजेरी मांडतात आणि आपण पारावर बसून म्हणतो, आपल्या पोरांना शिक्षणाची गोडीच नाही!

अशाच एका पोरीची चौकशी आम्ही तिच्या बापाकडे केली. तो म्हणाला, ''भाऊ, ती घरी राहते म्हणून तिची माय वेचणीला जाते. वेचणी किलोवर असते. मायचा रोज बुडाला तर शाळा भरून देते काय?''

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सरकारजवळ मात्र आहे. सरकारचे उत्तर आहे एक रुपया!

१९९२ साली महाराष्ट्र सरकारने ठरवले, की दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता द्यायचा. वर्षाचे शाळेचे दिवस २२०, म्हणजे फार तर २२० रुपये. त्यालाही ७५ टक्के हजेरीची अट. म्हणजे जी पोर वेचणीपायी आणि ऊसतोडीपायी गैरहजर राहते, जिच्यासाठी हा भत्ता काढला, तीच अटीत बसत नाही. योजनेमागचा विचार चांगला होता. गरिबाच्या पोरीला शाळेत यायला इतरांपेक्षा जास्त खर्च येतो, हे सरकारने त्या दिवशी कबूल केले. पण कबुली दिली आणि झोपी गेले. तीस वर्षे उलटली तरी त्या रुपयाचा सव्वा रुपया झाला नाही.

दुसरा एक भत्ता आहे, त्याचे नाव महागाई भत्ता. तो नोकरदाराला मिळतो. जानेवारीला एकदा आणि जुलैला एकदा, असा वर्षातून दोनदा महागाई पाहून तो वाढवला जातो. नोकरदाराच्या पगाराशी आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न साधा आहे: महागाई काय फक्त कचेरीत शिरते? कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या झोपडीत शिरत नाही?

आता शाळेला मिळणारे पैसे पाहा. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचे अनुदान मिळते ते पट मोजून. ३० पर्यंत मुले असली तर १० हजार, ३१ ते १०० असली तर २५ हजार, पुढे पट वाढेल तसे एक लाखापर्यंत. खडू, फळा, वीज, किरकोळ दुरुस्ती, संडासाची सफाई, सगळे त्यातच. हा हिशेब मुलांची डोकी मोजतो, त्यांची घरे पाहत नाही. बत्तीस मुले तालुक्याच्या नोकरदारांची असोत, नाही तर बत्तीसच्या बत्तीस मजुरांची असोत, रक्कम एकच. आणि त्या बत्तिसांतली तीन नावे मायबापाच्या मागे गाव सोडून पटावरून उतरली, की २५ हजारांचे १० हजार होतात. ज्या गावावर संकट आले त्याच गावची शाळा कापली जाते.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. तिथे पहिल्याच वर्षी सांगतात, की भारी काळ्या रानाला आणि मुरमाड बरडाला खताची एकच मात्रा देणारा शेतकरी शहाणा नव्हे. आधी माती तपासा, मग मात्रा ठरवा. हे ज्ञान सरकार आम्हाला बांधावर येऊन शिकवते, पण शाळेचे अनुदान वाटताना स्वतः विसरते!

हे जगात कुठे होत नाही असे नाही. इंग्लंडमध्ये २०११ पासून 'प्युपिल प्रीमियम' नावाची पद्धत आहे. मागच्या सहा वर्षांत ज्या मुलाला घरच्या गरिबीमुळे कधीही शाळेत फुकट जेवण मिळाले असेल, त्या प्रत्येक मुलामागे शाळेला नेहमीच्या खर्चावर जादा पैसे मिळतात. २०२४-२५ साली प्राथमिक शाळेत ही रक्कम मुलामागे १,४८० पौंड होती, म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर. ते पैसे कशावर खर्चले हे शाळेला जाहीर करावे लागते. तिथेही गरीब आणि श्रीमंत मुलांतले अंतर मिटलेले नाही, आणि कित्येक शाळा ह्या पैशाने आपल्याच खर्चाची भोके बुजवतात. तेव्हा नुसता पैसा येऊन भागत नाही, त्याच्यावर गावाचा डोळा लागतो. पण तत्त्व पक्के आहे: ज्या मुलाची अडचण जास्त, त्याच्यामागे पैसा जास्त.

आपल्यातलेच काही म्हणतील, ''आपण सूट-सबसिडी मागणारे नाही. घामाचे दाम द्या, पोरांच्या फिया आम्ही भरू.'' हे आम्हीही सभासभांतून बोललो आहोत, आणि भावाची लढाई एक पाऊलही मागे घ्यायची नाही. पण भाव मिळेपर्यंत चौथीतली पोर चौथीत थांबत नाही. ती मोठी होते, कपाशीत जाते, तिचे लग्न होते. भाव आला की सगळे आपोआप होईल असे आम्ही सांगत राहिलो आणि मधल्या वर्षांत किती पोरींच्या पाट्या फुटल्या ते मोजले नाही. ही आमची चूक आहे.

आणि ही भीक नव्हेच. इंग्रजांच्या काळात साऱ्याच्या रुपयावर एक आणा लोकल फंड म्हणून शेतकऱ्याकडून घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ साली जोतिबा फुल्यांनी हंटर कमिशनला हेच लिहून दिले, की सरकारची तिजोरी रयतेच्या कष्टाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. गरिबांची मुले शाळेत यावीत म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे सढळ हाताने द्या, अशीही त्यांची मागणी होती. आपण नवे काही मागत नाही. जुनी उधारी मागतो.

म्हणून ह्या बैठकीत चार मागण्या ठरवायच्या आहेत.

१. शाळेचे अनुदान नुसता पट पाहून नको. कोरडवाहू, मजूर आणि स्थलांतर करणाऱ्या घरांच्या प्रत्येक मुलामागे जादा रक्कम द्या.

२. मुलींचा उपस्थिती भत्ता महागाईशी जोडा, जसा नोकरदारांचा जोडला आहे. मजुरी करणाऱ्या प्रत्येक आईच्या मुलीला तो द्या.

३. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय आहे. तिची मंजुरी आणि पैसे गाड्या हलण्याआधी द्या, मागून नको.

४. शाळेत आलेल्या प्रत्येक रुपयाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवा.

शेवटची मागणी आपल्याच हातात आहे. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. पण आपण समितीत जातो, चहा पितो, सही करतो आणि परत येतो. ह्या वेळी सही करण्याआधी विचारा: वर्षाला किती आले? कशावर गेले? वेचणीच्या महिन्यात किती मुली गैरहजर होत्या? हे तीन आकडे गावागावांतून लिहून आणा. मागणीच्या कागदाला तेवढाच पुरावा लागतो.

मायबहिणींनो, हे आकडे तुम्ही विचाराल तर लवकर मिळतील. पोर तुमच्याबरोबर वावरात असते. तिची खरी हजेरी तुमच्याजवळ आहे.