बांधणी वाईट, म्हणून वाईला

गेल्या महिन्यात मोबाइलमधल्या टिपणांना शिस्त लावायला बसलो. देवघेवीच्या टेबलावर वाचक बोलत असतो, मागे दुसरा उभा असतो, मग सुचेल ते फोनवर खरडायचं ही आता आपल्या सगळ्यांचीच सवय झाली आहे. कुणी स्वतःलाच व्हॉट्सॲप करतं, कुणी कपाटाचा फोटो काढून ठेवतं. माझ्याकडे अशी हजारभर चिटोरी साठली होती. एका तरुण सहकाऱ्याने छोटासा प्रोग्राम लिहून दिला. टिपणात गावाचं नाव सापडलं की टिपण त्या गावाच्या फोल्डरमध्ये. पाच मिनिटांत काम फत्ते!

उघडून बघतो तर ‘वाई’चं फोल्डर तुडुंब. वाईशी माझा संबंध विश्वकोशाच्या खंडांपुरता. पहिलंच टिपण होतं : ‘खंड ७, बांधणी वाईट, पुठ्ठा सुटलाय.’ ‘वाईट’मधली ‘वाई’ यंत्राने बरोबर हेरली होती. ‘हवाई टपालाने आलेले अंक’ हेही तिथेच. साताऱ्याचं फोल्डर मात्र रिकामं, कारण ‘सातारा’ असं सुटं मी कधी लिहिलंच नव्हतं. पार्सल ‘साताऱ्याहून’ येतं, फोन ‘साताऱ्याला’ करायचा असतो. मराठीत नाम वाक्यात शिरलं की बहुधा रूप बदलतं. पुणे ‘पुण्यात’ होतं आणि ठाणे ‘ठाण्याला’. म्हणून नियमात ‘ठाण्या’ घातलं, तर ग्रंथचोरीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जायचं टिपण ठाणे जिल्ह्यात जाऊन बसलं. त्यातून ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राच्या लेखी शब्द वेगळे.

हसून झाल्यावर लक्षात आलं की चूक प्रोग्रामची नव्हती. शीर्षक देण्याचं काम आपण त्याच्यावर ढकललं होतं. डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. तो ढीग शाबूत राहिला, कारण कुठला शब्द आणि कुठला संदर्भ हे चिठ्ठी लिहितानाच त्यावर पडत होतं. नंतर कपाटात लावणं ही हमाली. यंत्राला द्यायची ती ही हमाली, आणि ती त्याने खुशाल करावी.

येणारं सगळं आधी एका जागी ठेवायचं, आणि आपल्याकडे त्यासाठी शब्दही तयार आहे : आवक. प्रत्येक टिपण आधी ‘आवक’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये पडू द्या. दाखल नोंदवहीत पुस्तकाला देतो तसा क्रमांक यंत्राने द्यावा, तारीखही त्यानेच घालावी. पण आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला की पाच ऑक्टोबर आणि पाच नोव्हेंबर शेजारी येतात आणि सहा ऑक्टोबर लांब जातो. आकडे देवनागरी की इंग्रजी हे एकदा ठरवून टाका. दोन्ही मिसळले की क्रमाचे बारा वाजतात. आणि टिपणाचा पहिला शब्द तुमचा हवा : ‘बांधणी’, ‘मागणी’, ‘वर्गणी’. नियम फक्त या पहिल्या शब्दावर चालवा. वाईचा प्रश्न तिथेच मिटतो.

आता म्हणाल, एआयला ‘वाई’ आणि ‘वाईट’ कळतं. कळतं, मी करून पाहिलं. पण तेच सुटलेल्या पुठ्ठ्याचं टिपण त्याने एकदा ‘बांधणी’त टाकलं, दुसऱ्यांदा ‘ग्रंथदुरुस्ती’त, तिसऱ्यांदा ‘जतन व संवर्धन’ अशा भारदस्त नावाखाली. तिन्ही बरोबर, आणि म्हणूनच निरुपयोगी. विषयशीर्षकांची यादी बंद असावी लागते हे ग्रंथपालाला नव्याने सांगायला नको. दहा-बारा शीर्षकं एआयपुढे ठेवा, बाहेरचं देऊ नको म्हणून बजावा, आणि ‘अनिर्णीत’ हा खण जरूर ठेवा. आठवड्यातून एकदा तो हाताने रिकामा करावा लागेल. मला शनिवारी पंधरा मिनिटं लागतात. वाचकाचं नाव, फोन, त्याने काय वाचायला मागितलं असलं टिपण बाहेरच्या सेवेकडे पाठवूच नका. कोण काय वाचतो ही आपल्याकडची ठेव आहे, मग २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा लागू होवो न होवो.

रंगनाथनांनी १९३१ साली वाचकाचा वेळ वाचवा म्हटलं. ग्रंथपालाच्या वेळेचं नाव त्यांच्या पाच सूत्रांत कुठे नाही, ती तक्रार पुन्हा कधीतरी.

तूर्त एक विनंती. तुमच्या टिपणांसाठी तुम्ही कोणती शीर्षकं वापरता, ती यादी या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. लहान गावांतल्या एकट्याने चालणाऱ्या वाचनालयांनी तर आवर्जून पाठवावी. आलेल्या याद्या पुढच्या अंकात जशाच्या तशा छापू.