कोणता क्लास लावू?

बारावीचा निकाल लागला की आपले फोन वाजायला लागतात. जालन्याचा मामेभाऊ, बीडकडच्या वहिनींचा भाचा, कुणीतरी विचारतंच, "दादा, संभाजीनगरात कॉम्प्युटरचा कोणता क्लास लावू?" आणि आपण मीटिंगच्या घाईत "पायथन कर रे, चालतंय सध्या" म्हणून मोकळे होतो. तिकडे तो पोरगा सिडकोत नाहीतर औरंगपुऱ्यात "१०० टक्के जॉब गॅरंटी"च्या फ्लेक्सखाली उभा असतो. शेजारी वडील, खिशात कापूस विकून राखून ठेवलेले पैसे. उत्तर जरा नीट द्यायला हवं की नको?

माझं मत सरळ आहे. क्लास जाहिरातीवरून निवडू नका, प्रमाणपत्रावरूनही नको. मागच्या बॅचच्या पोरांना स्वतःच्या हाताने काय करता येतंय, ते बघून निवडा.

आधी एक गोंधळ मिटवू. २००१ साली एमकेसीएलने आणलेला एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर साक्षरतेचा कोर्स आहे. सरकारी नोकरीला लागतो, उपयोगाचाही आहे. पण तो करून कुणी प्रोग्रामर होत नाही, आणि तसा त्या कोर्सचा दावाही नाही.

दुसरीकडे आपल्या शहरात, मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात, नाइलिटचं केंद्र आहे (२०११ पर्यंत नाव डोएक). ओ, ए, बी, सी अशा त्यांच्या लेव्हल. मान्यताप्राप्त संस्था शिकवतात, पण परीक्षा नाइलिट घेते. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे महत्त्वाचं. जो क्लास स्वतःच शिकवतो, स्वतःच पेपर काढतो आणि स्वतःच "ए ग्रेड" वाटतो, त्याच्या कागदाची किंमत तुम्हाला-मला ठाऊक आहे.

तसंही मुलाखतीत आपण काय विचारतो? "हा प्रोजेक्ट तू केलास ना, मग इथे हे असं का लिहिलंस?" पाठ केलेला कोड दोन मिनिटांत उघडा पडतो.

म्हणून त्या पोराला फी भरण्याआधी एवढं करायला सांगा. बॅचमध्ये पोरं किती, मशीन किती आणि स्वतः कोड लिहायला आठवड्याला किती तास, ते विचार. डेमो लेक्चर घेणारे सरच पुढे शिकवणार का, तेही विचार. आणि संध्याकाळी बॅच सुटताना खाली चहाच्या टपरीवर थांब. दोघा-तिघांना त्यांचा प्रोजेक्ट मोबाईलवर दाखवायला सांग. सगळ्यांचं एकच "लायब्ररी मॅनेजमेंट" निघालं तर समजून जा!

जॉब गॅरंटीचं काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची, नोकरीची खोटी हमी त्यात मना आहे. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निवड झाल्यावर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. फ्लेक्स मात्र अजून झळकतात. तेव्हा गॅरंटी लेखी मागा, फी परत कधी मिळणार तेही लेखी. समोरचे साहेब विषय बदलायला लागले की उत्तर मिळालं.

आणि खरी गोम हप्त्यांत असते. "झिरो कॉस्ट ईएमआय" म्हणून सही घेतात, ते बऱ्याचदा वडिलांच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. पोराने क्लास सोडला, क्लासला कुलूप लागलं, तरी कर्ज आपोआप फिटत नाही. हप्ता चुकला की क्रेडिट स्कोअर जातो वडिलांचा, आणि उद्या बियाण्याला, ट्रॅक्टरला कर्ज मागायला तेच बँकेत जाणार असतात. त्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला फी घेणारा साधा क्लास बरा. पटला नाही तर सोडता येतो.

काहीजण म्हणतील, एनपीटीईएल आहे, स्वयम आहे, शिकायला पैसे लागत नाहीत, मग क्लास हवाच कशाला? बरोबर आहे, पण अर्धंच. मराठी माध्यमातून आलेल्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि हातात फक्त मोबाईल असलेल्या पोराला मशीन लागतं, आणि "अरे, सेमीकोलन राहिला" म्हणणारं शेजारी कुणीतरी लागतं. चांगला क्लास हेच देतो. फी याचीच द्यावी.

तेव्हा मंडळी, पुढचा फोन आला की भाषेचं नाव सांगून ठेवून देऊ नका. रविवारचा एक तास काढा आणि त्या काउंटरवर त्याच्यासोबत स्वतः जा. पुण्यात असाल तर निदान सही करण्याआधी कागदाचा फोटो मागवून वाचा. आपल्याला तासभर लागेल. त्याच्या घरचं वर्ष वाचेल.