पीयूसीच्या केमिस्ट्रीत पोरं अडतात कुठं?

बेळगाव : मराठी माध्यमातून दहावीला चांगले मार्क घेतलेली मुलं पीयूसी सायन्सला गेली की पहिल्या महिन्यातच केमिस्ट्रीला घाबरतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही तक्रार जुनीच. "पोराला केमिस्ट्री झेपत नाही," असं म्हणून आपण मोकळे होतो. मग ट्यूशन लागते, नाहीतर मूल सायन्सच सोडतं. पण खरंच झेपत नाही का?

अकरावीचा पहिला धडा मोलचा. डझन म्हणजे १२ नग, तसं एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी एक मोल, ३६ ग्रॅम दोन मोल. आता गणित घ्या. शुद्ध चुनखडी भाजली की कळीचा चुना उरतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. १०० किलो चुनखडीमागे ५६ किलो चुना आणि ४४ किलो वायू. मग ५० किलोला चुना किती? २८ किलो. हे साधं त्रैराशिक आहे. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही जमतं.

अडतं ते भाषेत. दहावीपर्यंत जे 'रेणुवस्तुमान' होतं ते जूनमध्ये एकदम 'मॉलिक्युलर मास' होतं. 'संयुजा'ची 'व्हॅलन्सी' होते, 'द्राव्य' आणि 'द्रावक' यांचे 'सोल्यूट' आणि 'सॉल्व्हंट'. प्रश्नच कळला नाही तर त्रैराशिक मांडणार कशाचं? महाराष्ट्रात सेमी-इंग्रजीतली मुलं गणित-विज्ञान शाळेतच इंग्रजीतून शिकतात. आपल्याकडच्या मराठी शाळांतून गेलेल्या मुलांना ही उडी एका उन्हाळ्यात मारावी लागते.

नीटमध्ये ७२० पैकी १८० गुण केमिस्ट्रीचे. मराठी प्रश्नपत्रिका मिळते, पण फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. ती बेळगावातही मिळावी ही मागणी रास्तच आहे. मात्र दोन वर्षं इंग्रजीत शिकलेल्या मुलाला तोवर मराठी शब्दच परके झालेले असतात. त्यामुळे एवढ्यानं प्रश्न सुटणार नाही.

उपाय त्याआधीचा हवा, आणि तो सरकारी आदेशाची वाट न बघता होण्यासारखा आहे. एसएसएलसीची परीक्षा संपते आणि पीयूसीचे वर्ग सुरू होतात, त्या मधल्या दिवसांत मराठी हायस्कुलांनी पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा. शंभरेक शब्द दोन्ही भाषांत, रोज पाच गणितं, आधी मराठीत सोडवायची, मग तीच इंग्रजीत. शिक्षक आहेत, वर्गखोल्या सुट्टीत रिकाम्याच असतात. गावागावांतल्या मराठी मंडळांनी वह्या-झेरॉक्सचा खर्च उचलला तरी पुरे.

मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण भांडतो, भांडायलाच हवं. पण त्या शाळेतून बाहेर पडलेलं पोर पुढच्या वर्गात अडखळलं, तर शेजारचा पालक आपलं मूल तिथं घालताना दहादा विचार करणारच.