मागच्या सेन्सरची साक्ष

गाडीला हेडर बसवण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कंपनीकडून येणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ही बहुतेकदा खर्च, जागा आणि आवाज यांच्यातली तडजोड असते. तोकड्या नळ्यांमुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो. चांगल्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र आणि शक्यतो सारख्या लांबीची नळी मिळते. पुढे गेलेला झोत मागे कमी दाब सोडून जातो आणि पाठोपाठचा धूर ओढून घेतो. यात विज्ञान आहे, आणि त्या नळ्या वाकवून जोडणाऱ्या मिस्त्रीच्या हातात कसब आहे. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. आपल्याकडे हेडरसोबत एक खोटेपणा विकला जातो, आणि त्याला खोटेपणा म्हणायला कुणी तयार नसतं.

तो समजून घ्यायचा तर गाडीतले दोन ऑक्सिजन सेन्सर समजून घ्यावे लागतात. पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असतो. तो धुरात उरलेला ऑक्सिजन पाहतो आणि गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं ते सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. मिश्रण या आकड्याच्या आसपास राहिलं तरच कॅट कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींचा बंदोबस्त करू शकतो. दुसरा सेन्सर कॅटच्या मागे असतो. त्याचं मुख्य काम म्हणजे कॅट नीट चालतोय की नाही याची साक्ष देणं. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होतो. कॅट धड असेल तर मागचा आकडा बऱ्यापैकी स्थिर राहतो. तोही पुढच्यासारखाच नाचू लागला, की ईसीएम पी ०४२० हा कोड नोंदवतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो.

आता अडचण अशी, की आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कॅट मॅनिफोल्डला चिकटूनच असतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर तो लवकर तापावा, म्हणून ही रचना. त्यामुळे बाजारातला हेडर लावला की अनेकदा कॅटच निघून जातो. मग दिवा लागतो. गिऱ्हाईक परत येतं आणि गॅरेजवाला हसून म्हणतो, "त्याचाही इलाज आहे." इलाज म्हणजे मागच्या सेन्सरखाली लावलेला एक पोकळ स्पेसर. सेन्सरचं टोक त्यामुळे धुराच्या झोतातून बाहेर राहतं आणि आकडा स्थिर दिसतो. नाहीतर रिमॅप करून तो कोडच बंद केला जातो. दिवा विझतो. कॅट मात्र जागेवर नसतो.

याला मी साक्षीदार फोडणं म्हणतो. न्यायालयात कुणी असं केलं तर आपण त्याला गुन्हेगार म्हणतो. गाडीत केलं की "सेटिंग" म्हणतो आणि मित्रांना त्या गॅरेजचा नंबर देतो.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: "ट्रक आणि डंपर एवढा धूर ओकतात, माझ्या एका गाडीने काय होणार?" तो धूर निदान डोळ्यांना दिसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. आमच्या भागातल्या गॅरेजांच्या गल्लीत पंधरा-सोळा वर्षांची पोरं दिवसभर चालू इंजिनाजवळ बसलेली असतात. वरच्या मजल्यावर लोक राहतात. गाडीवाल्याला मिळतो तो आवाज आणि थोडी ताकद. साध्या छोट्या इंजिनात बहुतेक वेळा आवाजच जास्त. किंमत भरतो तो खालचा पोरगा. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

दुसरं उत्तर पीयूसीचं: "माझी गाडी पास होते." पण पेट्रोल गाडीच्या या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. पीयूसीचा कागद म्हणजे गाडी स्वच्छ असल्याचा पूर्ण पुरावा नव्हे. कायदाही मोघम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला तो १९९५ साली. एवढ्या वर्षांत आपण त्याला चुकवायला मात्र छान शिकलो.

मग हेडर लावायचाच नाही का? ट्रॅकवरच्या गाडीला खुशाल लावा. रस्त्यावरच्या गाडीचा विचार असेल, तर आधी आरटीओत विचारा, आणि कॅट जागेवर ठेवणारी रचनाच निवडा. सेन्सर मनाला येईल तिथे ठोकू नका. पुढचा सेन्सर चारही नळ्या एकत्र येतात त्या कलेक्टरपाशी हवा. एकाच नळीत बसवला तर एकाच सिलिंडरची बातमी मिळेल. फार मागे नेला तर पुरेसा तापणार नाही आणि बातमी उशिरा पोचेल. त्याचं टोक वरून खाली यावं, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या दरम्यान. खालून बसवला तर नळीत साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकला तडा देतं. सेन्सरच्या आधी सांध्यात गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. ईसीएमला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो ते वाढवत राहतो. प्लग काळे पडतात, मायलेज घसरतं आणि दोष सेन्सरच्या माथी येतो. वायर वाढवताना डाख देऊ नका, कनेक्टर वापरा. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच घेतात.

हे सगळं चांगल्या मिस्त्रीला माहीत असतं. त्याच्यावर सगळा दोष ढकलणं मला पटत नाही. तो स्पेसर लावतो, कारण आपण दिवा विझवण्याचे पैसे देतो आणि कॅट ठेवण्याचे देत नाही. काढलेल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. तो कुठे गेला, हेही आपण विचारत नाही. पुढे हीच गाडी विकताना नव्या मालकाला आपण सांगतो का, की आत कॅट नाही आणि विझलेला दिवा खोटा आहे? तो बिचारा बी. एस. ६ची गाडी म्हणून पैसे मोजतो.

म्हणून हेडर लावू पाहणाऱ्या तरुण मित्रांना माझं एकच म्हणणं आहे. काम सुरू होण्याआधी गॅरेजवाल्याला विचारा, "कॅट राहणार का? मागचा सेन्सर खरं बोलणार का?" उत्तर टाळलं गेलं तर गाडी तशीच घरी घेऊन या. असे दहा गिऱ्हाईक परत गेले, तर अकराव्यासाठी तोच मिस्त्री कॅट ठेवून हेडर बसवून दाखवील. ते कसब त्याच्या हातात आजही आहे.