संसारांतील व्यवहार : जुन्या गाडीचें औषधपाणी

खंडेनवमीच्या सकाळीं आमच्या दारांतील मोटारीला झेंडूची माळ चढते, पुढच्या काचेवर कुंकवाचें स्वस्तिक उमटतें आणि चाकाखालीं लिंबूं ठेवण्याचा मान घरांतील सर्वांत धाकट्याकडे जातो. गेलीं सोळा वर्षें हा सोहळा अखंड चालला आहे. परंतु दोन वर्षांपूर्वीं, ती माळ सुकण्याच्या आंतच, हीच गाडी सर्व्हिसिंगसाठीं विक्रेत्याच्या कार्यशाळेंत नेली असतां तेथील तरुणानें ती आंत घेण्यास नम्रपणें नकार दिला. "साहेब, हें मॉडेल आम्ही आतां करीत नाहीं. सुटे भाग येत नाहींत. नागपूरला विचारून पाहा." चंद्रपूरहून नागपूर सुमारें दीडशें किलोमीटर. तेथें दूरध्वनि केला. तेथूनहि तेंच उत्तर आलें. नव्या गाडीचीं पत्रकें मात्र त्या तरुणानें अगत्यानें हातीं दिलीं.

घरीं येऊन आम्ही गाडी शेडमध्यें लावली आणि 'चालते आहे तोंवर चालूं द्यावी' असा निकाल देऊन मोकळे झालों. हा निकाल किती महाग पडतो तें पुढल्या वैशाखांत कळलें. गडचिरोलीस राहणाऱ्या आमच्या वृद्ध आत्याबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं चंद्रपुरास व्हावयाची होती. त्यांना घेऊन सायंकाळीं निघालों. वैनगंगा ओलांडली, सावली गेलें, मूल मागें पडलें. आणि चिचपल्ली गांठण्यापूर्वींच बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. रेडिएटरची रबरी नळी फाटली होती. दोन्ही बाजूंना जंगल, अंधार पडत चाललेला. वाघांच्या या मुलखांत रस्त्यावर उतरून उभें राहण्याची सोय नाहीं. मधुमेहाच्या आत्याबाई त्या तापलेल्या गाडींत कांचा अर्ध्या लावून दीड तास बसल्या. बरोबरचा लाडू त्यांनीं खाल्ला म्हणून निभावलें. शेवटीं एका ट्रकवाल्यानें दोर बांधून गाडी गांवांत आणली.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं ती नळी आमच्या हातीं दिली. बोटानें दाबतांच ती कडकड वाजली. ते एवढेंच म्हणाले, "साहेब, ही वर्षभरापासून सांगत होती. कोणी हात लावून पाहिलें नाहीं."

वाचकहो, या वाक्यानें आमचा विक्रेत्यावरील राग निम्मा उतरला. त्यानें गाडी नाकारली हें खरें. पण त्याच्या नकाराला आम्ही आपल्या हलगर्जीपणाची सबब केली. विक्रेत्याचा नकार म्हणजे गाडीच्या मृत्यूचा दाखला नव्हे, आणि मालकाच्या कर्तव्याला मिळालेली रजाहि नव्हे. ज्या दिवशीं मोठी कार्यशाळा दार लावून घेते, त्या दिवसापासून गाडीची प्रकृति सांभाळण्याचें काम घराकडे येतें, एवढाच त्याचा अर्थ.

विक्रेत्याची बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. त्याच्या कार्यशाळेचें गणित दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावर चालतें. पंधरा वर्षांच्या गाडीचा गंजलेला एकच नट अर्धा दिवस खातो. कामगार शिकलेले असतात ते नव्या मॉडेलांवर. शिवाय कित्येक कंपन्याच बाजारांतून गेल्या. उत्तरपाड्याच्या कारखान्यांतील ॲम्बॅसडरचें उत्पादन २०१४ च्या मे महिन्यांत थांबलें. जनरल मोटर्सनें २०१७ अखेर या देशांतील विक्री बंद केली. फोर्डनें २०२१ च्या सप्टेंबरांत येथें मोटारी बनविणें थांबवीत असल्याचें जाहीर केलें. मागें राहिलेल्या ग्राहकांसाठीं दुरुस्तीची सोय चालू ठेवूं, असें या शेवटच्या दोन्ही कंपन्यांनीं सांगितलें होतें. परंतु जवळचें दुकान उठलें कीं आडवळणाच्या जिल्ह्यांतील माणसाला ती सोय दूरची होते. गडचिरोलीहून भामरागडच दीडशें किलोमीटरांहून अधिक आहे. तेथें मोटार ही चैन नसून दवाखान्याची वाट आहे.

याच प्रश्नाला एका सामान्य ग्राहकानें एकदां वाचा फोडली होती. शमशेर कटारिया यांनीं २०११ सालीं भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, कीं मोटार कंपन्या अस्सल सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें बाहेरच्या मिस्त्रींना मिळूं देत नाहींत. आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा कंपन्यांना दोषी धरून एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. भाग व साधनें स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्यावींत, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालूं नये, असेंहि त्यानें बजावलें. पुढें अपिलें झालीं, दंडाविषयीं वाद लांबला. तथापि तत्त्व उघड झालें. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानें 'दुरुस्तीच्या हक्का'चें संकेतस्थळ उघडलें, त्यांतहि मोटारींचा समावेश आहे. यांतील मर्म नीट ध्यानांत घ्यावें : विक्रेत्यानें आपली जुनी गाडी आंत घेतलीच पाहिजे असें हा आदेश म्हणत नाहीं; बाहेरच्या कारागिराची वाट अडवूं नये, एवढेंच तो म्हणतो. म्हणून विक्रेत्याशीं हुज्जत घालण्यापेक्षां चांगला कारागीर शोधण्यांत शक्ति खर्चावी.

असा कारागीर आपल्याकडे नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं. ताडोब्यांत पर्यटकांना नेणाऱ्या उघड्या जिप्सी गाड्याच घ्या. सामान्य ग्राहकांसाठीं ती गाडी २०१९ सालीं बंद झाली, तरी कितीतरी जिप्सी त्यानंतरहि जंगलाच्या धुळींतून धांवत राहिल्या. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि बल्लारपूरची कागदाची गिरणी यांच्या आश्रयानें लेथवर काम करणारे हात या जिल्ह्यांत तयार झाले आहेत. मिस्त्री निवडतांना दुकानाच्या पाटीकडे पाहूं नये. आपल्याच मॉडेलच्या दोनतीन गाड्या त्याच्याकडे नेमानें येतात काय, काढलेला जुना भाग तो न मागतां दाखवितो काय, आणि 'हें मला जमणार नाहीं' असें म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यापाशीं आहे काय, हें पाहावें. असा मनुष्य भेटला कीं त्याला धरून राहावें. चार रुपयांसाठीं वैद्य बदलणाऱ्या रोग्याचें जें होतें, तेंच गाडीचें होतें.

सुट्या भागांविषयीं एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मोटार कंपनी सगळेच भाग स्वतः करीत नाहीं. फिल्टर, क्लच प्लेट, बेअरिंग हीं दुसऱ्या कारखान्यांतून येतात, आणि तेच कारखाने तोच माल पुष्कळदां आपल्या नांवाच्या खोक्यांतूनहि विकतात. बॉश, व्हॅलिओ, एस्‌केएफ हीं नांवें त्यासाठीं लक्षांत ठेवावीं. जुन्या भागावरील क्रमांक टिपून घ्यावा व त्यावरून शोध करावा. केवळ गाडीचें नांव सांगून मागविलेला भाग परत पाठविण्याची पाळी हमखास येते.

आतां जेथें काटकसर चालत नाहीं त्या गोष्टी. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें, म्हणून गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनीं तें बदलावें. चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो. तेव्हां होळीपूर्वींच रेडिएटर, कूलंट आणि प्रत्येक रबरी नळी हातानें चांचपून पाहावी. कोळशाची व रस्त्याची धूळ हवेचा फिल्टर लवकर चोंदविते. तो मुदतीच्या आधींच काढून पाहावा. ज्या इंजिनांत दांतेरी रबरी टायमिंग बेल्ट असतो, तेथें तो पुस्तकांत सांगितलेल्या मुदतींत बदललाच पाहिजे. तो तुटला कीं पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून सगळें इंजिनच हातचें जातें. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याच्या कडेवरील चार आंकडे वाचावे : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. टायर चालण्यानें झिजतो, तसा नुसत्या वयानेंहि कडक होतो.

कायद्याचें वय निराळें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते. तपासणी होऊन ती पांच वर्षांसाठीं वाढवितां येते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचें शुल्क सहाशेंवरून पांच हजार रुपये झालें, आणि २०२५ च्या ऑगस्टांत वीस वर्षांवरील मोटारींसाठीं तें दहा हजार केलें गेलें. पर्यावरण कर वेगळाच. गेल्या वर्षीं आमची गाडी या परीक्षेंतून उतरली. मात्र हाहि हिशेब डोळे उघडे ठेवूनच करावा. इंजिन दुरुस्त होतें, क्लच बदलतो. परंतु सांगाड्यालाच गंजानें पोखरलें असेल, किंवा ब्रेकचा विश्वासाचा भाग कोठेंच मिळत नसेल, तर ममतेला आवर घालून गाडीला निरोप द्यावा. घरची माणसें तिच्यांत बसावयाचीं असतात.

आमच्या घरीं आतां गाडीची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, त्याचा क्रमांक आणि पुढची मुदत इतकेंच तिच्यांत असतें. हिशेब ठेवण्याचें काम घरांतील मंडळींनीं आपण होऊन घेतलें, आणि मुदत टळली कीं तेथूनच प्रथम विचारणा होते. आत्याबाईंचा दुसरा डोळा यंदां झाला. त्याच रस्त्यानें, त्याच गाडीनें त्यांना आणलें. निघतांना त्यांनीं पदरांत लाडू बांधून घेतला होता. तो चंद्रपूरपर्यंत तसाच राहिला.