जांघेतील दुखणे

दुकानाच्या गादीवर तीस-चाळीस वर्षे मांडी घालून बसलेल्या गृहस्थाला एके दिवशी उठताना जांघेत कळ येते. तेल चोळले जाते, शेक दिला जातो. दुखणे ओसरते आणि पुन्हा डोके वर काढते. जागाच अशी की मुलासुनेसमोर उच्चार करणे अवघड. या संकोचात दोन-तीन महिने सहज निघून जातात. हिशेबातली पैशाची चूक रात्र जागून शोधणारा माणूस शरीराच्या बाबतीत मात्र इतका सैल कसा राहतो, हे कोडेच आहे.

खुब्याचा सांधा नितंबाच्या बाजूला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तो जांघेच्या मागे खोलवर असतो. त्यामुळे तो झिजू लागला की कळ बहुधा जांघेतच उमटते, कधी गुडघ्यापर्यंत उतरते. मांडी घालता न येणे, मोजा चढवताना पाय न वळणे, ही त्याची खूण. कंबरेच्या तपासण्यांवर खर्च होतो आणि खुबा तपासायचाच राहतो, असेही घडते.

दम्यासाठी वा त्वचारोगासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांनी अधिक सावध असावे. मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते आतून मृत होऊ लागते. आरंभी साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. दोष एमआरआयमध्ये उमगतो. वेळीच कळल्यास सांधा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. हाड खचल्यावर बहुधा सांधा बदलावा लागतो.

खोकताना किंवा पोते उचलताना फुगणारी आणि आडवे होताच आत जाणारी गाठ बहुधा अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची असते. पट्टा बांधून ती बरी होत नाही, शल्यचिकित्सकाला दाखवावी. ती आत जाईनाशी झाली, कडक होऊन ठणकू लागली, वांत्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

किशोरवयीन मुलगा लाजेने केवळ ‘पोट दुखते’ म्हणतो. पण वृषणाला पीळ पडला असेल तर सुमारे ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी. आजी घसरून पडल्या आणि जांघ दुखून पाय टाकवेना, तर मालीश मुळीच करू नये. खुब्याचे हाड मोडलेले असू शकते.

पायाच्या जखमेमुळे येणारे अवधाण जखमेबरोबर बसते. ते बसले नाही, किंवा कोणतेही जांघेचे दुखणे विश्रांतीनंतरही दोन-तीन आठवडे टिकले, रात्री झोपेतून उठवू लागले, सोबत ताप आला वा वजन घटले, तर आधी कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जावे. पाय वळवून पाहताच दुखणे सांध्याचे की अन्य कशाचे, याचा अंदाज त्यांना बहुधा येतो. मग ते अस्थिरोगतज्ज्ञांकडे वा शल्यचिकित्सकाकडे पाठवतात. जाताना जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या, विशेषतः स्टेरॉइडच्या, सोबत असाव्यात.