भाव कोणाच्या हातात?

निपाणीच्या माणसाला भाव म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. १४ मार्च १९८१ रोजी इथले तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी हे नेते त्यांच्यासोबत होते. माल एकदा वखारीत गेला की त्याची प्रत व्यापारी ठरवणार, भाव व्यापारी सांगणार आणि पैसे कधी द्यायचे हेही त्याच्याच मनावर, ही शेतकऱ्यांची तक्रार होती. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मारले गेले.

त्या बलिदानाशी मोबाइलवरच्या खेळाची बरोबरी कोणी करू नये. पण या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातली मुलं आज ज्या नव्या बाजारात घेणं-देणं करतात, तिथे प्रश्न तोच उभा आहे: माल कोणाचा, भाव कोणाचा आणि फसलेल्याने दाद कुठे मागायची?

ऑनलाइन खेळांमध्ये खेळाडूंचे आपापसातले बाजार भरतात. तलवारी, पोशाख, बंदुकीवरची नक्षी, खेळातलं सोनं, सगळं विकलं जातं. कोणी स्वस्तात घेऊन ठेवतो आणि मागणी वाढली की महागात काढतो. मोठ्यांना हे ऐकून वाटतं की पोरगं दलाली शिकलं. हा राग अनाठायी आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये जिता नावाच्या ताऱ्याभोवती भरणारा प्रचंड बाजार अशाच मधल्या व्यापाऱ्यांवर चालतो. ज्याला आत्ताच विकायचं आहे त्याला गिऱ्हाईक मिळतं, ज्याला आत्ताच हवं आहे त्याला माल मिळतो. मधला माणूस आपलं भांडवल अडकवतो आणि भाव पडला तर स्वतः बुडतो. सगळ्यांना दिसणाऱ्या भावात केलेला असा व्यापार प्रामाणिकच म्हणायला हवा.

बिघडतं ते एकाच हाताने सगळा माल उचलला की. ‘रुनस्केप’मध्ये ठरावीक वस्तू गटाने गोळा करून भाव चढवायचे आणि मागून आलेल्यांच्या गळ्यात मारून बाजूला व्हायचं, हा उद्योग बराच काळ चालला. तिथल्या ‘ग्रँड एक्स्चेंज’ या बाजारात चार तासांत एका खेळाडूने एखादी वस्तू किती घ्यावी याला मर्यादा आहे. या खेळाच्या जुन्या आवृत्तीत डिसेंबर २०२१ मध्ये विक्रीवर एक टक्का करही बसला. साठेबाजी वाईट हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. मर्यादा घालणारा कोणीतरी लागतो, एवढंच.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी आहे. बेळगाव काय, निपाणी काय, मुलं जास्त करून मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळतात. त्यात एका खेळाडूने दुसऱ्याला वस्तू विकण्याची सोय नाही. म्हणून अख्खा ‘आयडी’च, म्हणजे खेळातलं खातंच, विकला जातो, टेलिग्रामवर नाहीतर इन्स्टाग्रामवर. पैसे यूपीआयने जातात, पासवर्ड चॅटवर येतो. कंपनीच्या नियमांत ही विक्री बसत नाही. फसवणूक इथेच होते: विकणारा चार दिवसांनी जुन्या ईमेलवरून किंवा फोन नंबरवरून आयडी परत मिळवतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकतो. घेणारा बहुधा शाळकरी असतो. घरी सांगायची भीती, पोलिसांत जायची त्याहून मोठी. हे करणाऱ्याला व्यापारी म्हणता येणार नाही, तो चोर आहे. मित्रांनी ‘हुशार निघाला’ म्हणून त्याची पाठ थोपटणं तर त्याहून वाईट.

प्रामाणिक विकणाऱ्याच्या पायाखालीही भक्कम जमीन नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत, हजारो रुपये ओतलेला आयडी हातात धरून बसलेल्या मुलाने कोणाला जाब विचारायचा होता?

सगळ्यात मोठा अडत्या मात्र या पोरांमध्ये नाहीच. व्हॉल्व्ह ही कंपनी ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ बनवते आणि त्यातल्या वस्तूंचा, स्टीम या तिच्याच मंचावरचा बाजारही तीच चालवते. विकणाऱ्याला १०० रुपये मिळायचे तर घेणाऱ्याला ११५ मोजावे लागतात. मधले १५ कंपनीचे. आलेले पैसे स्टीमच्या खात्यातच राहतात, बँकेत काढता येत नाहीत. वस्तूसुद्धा खेळाडूच्या मालकीची नसते, त्याला फक्त वापराचा परवाना असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने एक नियम बदलला. तोवर पेट्यांमधून क्वचितच निघणारे सुरे आणि हातमोजे आता पाच लाल दर्जाच्या वस्तू देऊन मिळू लागले. एका दिवसात सुऱ्यांचे भाव धडाधड कोसळले. प्रत ठरवणारा, भाव हलवणारा आणि अडत घेणारा एकच, हे चित्र निपाणीकरांना नवं वाटू नये.

आणि या साखळीच्या तळाशी श्रम आहेत. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथले तरुण दिवसदिवस ‘रुनस्केप’मध्ये ड्रॅगन मारून सोनं गोळा करत आणि ते विकून घर चालवत. इतर खेळाडू त्यांनाच खेळ नासवणारे म्हणून शिव्या घालत. त्यांच्याकडून सोनं घेऊन चढ्या भावाने पुढे विकणाऱ्याचं नाव कोणी घेत नसे. वखारीत दिवसभर तंबाखूची धूळ खाणाऱ्या बायकांना हा हिशेब लगेच कळेल.

२०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. खेळाडूंच्या बाजाराचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. ज्या कंपन्या वस्तू विकून पैसा मिळवतात, त्यांनी हस्तांतराची सुरक्षित वाट द्यावी, व्यवहाराची नोंद ठेवावी आणि वस्तूचं मोल बदलणारा नियम आणण्याआधी पुरेशी सूचना द्यावी. घरातल्यांनीही मोबाइल हिसकावण्याआधी विचारावं: काय घेतलंस, कोणाकडून, कितीला? बाजार समितीत माल घातला की शेतकऱ्याच्या हातात निदान पट्टी पडते. वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं त्या कागदावर असतं. आयडी घेतलेल्या मुलाकडे असतो तो पैसे गेल्याचा एक स्क्रीनशॉट, आणि ज्या खात्यावरून बोलणं झालं ते खातं तोवर बंद झालेलं असतं.